रायपुरात ओळख न पटलेली गाडी

रायपूरला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" या प्रश्नाला मी अजून कुणाला धड उत्तर दिलेलं नाही. जे बघितलं ते सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे काळजीने बघतो. म्हणून लिहून काढते आहे. कागदावर आवाज चढला तर निदान शेजारी दार वाजवत नाहीत.

मी तिथे कशाला गेले ते आधी सांगते. माझी आणि माझ्या मैत्रिणीची भोसरीत एक छोटी कंपनी आहे. गाडीत बिघाड कुठे झालाय हे गॅरेजवाल्याला दाखवणारं उपकरण आम्ही बनवतो. स्टिअरिंगच्या खाली एक खोबण असते. तिथे ते लावलं की गाडी स्वतःचं दुखणं स्वतः सांगते. हल्लीच्या गाडीत ब्रेकला, इंजिनाला, दारांना, दिव्यांना आपापला छोटा संगणक असतो आणि दोन पिळलेल्या तारांवरून ही मंडळी सतत एकमेकांशी बोलत असतात. ब्रेक एका कंपनीचा, इंजिन दुसरीचं, तारा तिसरीच्या. त्यांना एकमेकांचं बोलणं कळावं म्हणून कंपन्यांनी एकत्र येऊन मंडळं काढली आणि सगळ्यांनी कुठल्या भाषेत बोलायचं ते ठरवलं. त्या ठरावाला मानक म्हणतात. भांडणाऱ्या कंपन्या एका टेबलाशी बसून एक भाषा ठरवतात, ही कल्पना मला अजूनही फार सुंदर वाटते. राग आहे तो टेबलाचा.

अशाच एका मंडळाची बैठक या वेळी नवा रायपूरमध्ये होती. तिथे एका सदस्य कंपनीचा गाड्यांच्या तारा बनवण्याचा कारखाना उभा राहतोय, म्हणून यजमानपद त्यांच्याकडे. आमची कंपनी मंडळाची 'सहयोगी' सदस्य आहे. सहयोगी म्हणजे वर्गणी भरायची, कागदपत्रं वाचायची, अध्यक्षांनी परवानगी दिली तर बोलायचं आणि मतदानाच्या वेळी हात मांडीवर ठेवून बसायचं. हात वर करण्याचा हक्क मोठ्यांचा.

शंकर नगर

हॉटेलात न उतरता मी शंकर नगरला उषामावशीकडे उतरले. ती माझ्या आईची धाकटी बहीण. तिच्या सासरचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलं, आधी जुन्या शहरातल्या तात्यापाऱ्यात राहायचं, आता इथे. मावशी फाटकातच उभी होती.

"काहून वो, फोन काहून लागून नाही राहिला तुझा? मी केव्हाची उभी आहो इथं."

"मावशी, गाडीत रेंज नव्हती."

"चाल, हातपाय धू. फरे करून राहिली मी. तुले आवडते न?"

मला फरे काय ते माहीत नव्हतं, पण मान हलवली. पुढ्यात आले ते पाहून ओळख पटली. तांदळाच्या पिठाची बोटभर लांब उकड, वाफवलेली, मग तीळ, हिरवी मिरची आणि कढीपत्त्याच्या फोडणीत परतलेली. आपल्या मोदकाची उकड घराबाहेर पडली, गोडाशी भांडली आणि इथे येऊन तिखट झाली, असं काहीसं. सोबत भाजलेल्या टमाटरची चटणी. मी किती खाल्ले ते बघितलंच नाही, असं म्हणत मावशी पुन्हा वाढत होती.

टेबलाच्या पलीकडे तिची मुलगी मृणाल बसली होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे, एका लहानशा संस्थेत काम करते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. त्या दिवशी उत्तरही फारसं येत नव्हतं. फरे ताटात गार होत होते.

"हिची गाडी बंद पडली," मावशी म्हणाली. "तवापासून अशीच बसून राहते पोट्टी."

मृणालने वर बघितलं. "दीदी, आप तो गाड़ियों वाली हो ना? नया पुर्जा लगाया है, और गाड़ी उसको पहचान ही नहीं रही."

गाडी म्हणजे संस्थेची मोठी व्हॅन. मागे चाकाची खुर्ची वर घेणारी लिफ्ट, आत धरून उभं राहायचे दांडे, तपासायचं टेबल, पायाला बांधायच्या पट्ट्या. जन्मापासून ज्यांचे पाय सरळ होत नाहीत अशा मुलांच्या गावी मृणाल ही व्हॅन घेऊन जाते, कारण त्या मुलांना रायपूरला आणणं त्यांच्या घरच्यांना जमत नाही. पावसाळ्यात व्हॅनच्या बॉनेटखाली घूस शिरली. तिने तारा कुरतडल्या, पाणी गेलं आणि ब्रेकचा संगणक मेला. नवा आणला, बसवला. तेव्हापासून व्हॅन सुरू होते, क्षणभर घरघरते आणि बंद पडते. दिवाळी होऊन गेली तरी ती तशीच.

"उठ," मी म्हटलं. "माझं उपकरण बॅगेत आहे."

"खाऊन तं जा वो!" मावशी ओरडली. आम्ही फाटकाबाहेर पडलो होतो.

गुढियारी

रिक्षावाल्याने वाट चुकून आम्हाला आधी गोल बाज़ारच्या गर्दीत नेलं. तिथे पितळी भांड्यांनी लादलेला एक हातगाडा आमच्या रिक्षाला असा अडकला की दोन्ही बाजूंचे दुकानदार सल्ला द्यायला बाहेर आले आणि सल्ल्यांमुळेच तो सुटायला वेळ लागला. शेवटी आम्ही गुढियारीत पोहोचलो. रेल्वेच्या बाजूला ही वस्ती, धान्याची पोती उतरवणारे ट्रक, त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या सायकली. साहू भैयांचं गॅरेज एका गल्लीच्या तोंडाशी आहे. पांढरी व्हॅन आतल्या भिंतीला टेकून उभी होती. अंगावर धूळ इतकी की कुणीतरी बोटाने तिच्यावर क्रिकेटचा स्कोर मांडला होता.

साहू भैयांनी मला नमस्कार केला आणि लगेच, मी काही विचारायच्या आत, म्हणाले, "दीदी, पुर्जा असली है. डब्बा मैंने मैडम के सामने खोला था."

नंतर कळलं की गल्लीत सगळे म्हणत होते, साहूने नकली माल बसवला. त्यांची दोन जुनी गिऱ्हाइकंही तुटली होती.

मी उपकरण लावलं. गाडीतला एकेक संगणक नीट हजेरी देत होता. ब्रेकचा नवाही. तब्येत ठणठणीत, भाषा तीच, मंडळाने ठरवलेली, शब्दही चुकत नव्हता. पण इंजिनाचा संगणक त्याला दारात उभा करून एकच सांगत होता: ओळख पटली नाही.

ही ओळख पटवायला एक गुप्त किल्ली लागते. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीजवळ असते. पुर्जा त्याच कंपनीचा, त्याच कंपनीच्या दुकानातून आणलेला, पण त्याने त्याच कंपनीच्या गाडीत काम करायचं तर वरून परवानगी हवी.

"मग कंपनीच्या केंद्रात का नाही नेलीस?" मी विचारलं.

"ले गई थी, दीदी. क्रेन से." मृणाल हसली, पण ते हसू नव्हतं. "वो बोले, इसमें लिफ्ट लगी है. मतलब गाड़ी ओरिजिनल नहीं रही. सिस्टम मना कर रहा है. हेड ऑफ़िस से मंज़ूरी लगेगी."

"लिफ्ट कुणी बसवली?"

"कंपनी के ही बताए हुए बॉडी बिल्डर ने." बॉडी बिल्डर म्हणजे गाडीचा वरचा सांगाडा बांधून देणारा.

मी त्या व्हॅनच्या पायरीवर बसले.  मंजुरीसाठी तिने मेल केले, फोन केले. दर वेळी फोनवर नवा माणूस, दर वेळी सगळी कथा पहिल्यापासून, दर वेळी शेवटी तेच आश्वासन. आणि या सगळ्या काळात गाडीला काहीही झालेलं नव्हतं! दुरुस्ती झालेली होती. साहू भैयांनी तारा इतक्या सफाईने जोडल्या होत्या की जोड कुठे आहे ते शोधावं लागत होतं. गाडी धडधाकट होती आणि तिला चालायला मनाई होती.

माझ्या उपकरणाने ते कुलूप उघडता येत नव्हतं. मी ते बनवते, आणि मलाही मनाई होती.

नवा रायपूर

जुन्या शहरातून नव्या रायपूरला जाताना पुणेकराला पहिल्यांदा हेवा वाटतो आणि मग भीती. रस्ते इतके रुंद की आपल्याकडे त्यात एक पेठ मावेल. माणूस मात्र दिसत नाही. दिवे आहेत, बागा आहेत, चौकात शिल्पं आहेत, आणि सिग्नलला आमची एकटी टॅक्सी शिस्तीत उभी. टॅक्सीवाल्याला मी म्हटलं, "कुणीच नाही, चला की." तो म्हणाला, "कैमरा हे, दीदी." इथेही कुणीतरी वरून बघत होतं.

बैठकीच्या दाराशी मला गळ्यात घालायला करडी पट्टी मिळाली. मतदार सदस्यांची निळी. जेवायच्या वेळी कळलं की निळ्यांचं जेवण आतल्या दालनात आणि करड्यांचं बाहेर मंडपात. मंडपातली भजी उत्तम होती, हे प्रामाणिकपणे सांगते. पण ज्या दालनात खरं बोलणं होतं त्याच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीने माझी पट्टी बघून "मॅम, आपका उधर है" असं गोड आवाजात सांगितलं, तेव्हा माझ्या हातातली ताटली वाजली.

त्या दिवशीचा ठराव असा होता: गाडीतला कुठलाही महत्त्वाचा भाग बदलला तर त्याची ओळख फक्त उत्पादकाच्या अधिकृत केंद्रातच पटवली जाईल. आजवर काही कंपन्या हे आपापल्या मर्जीने करत होत्या. आता तेच मानक होणार होतं. कारण दिलं होतं सुरक्षेचं. हे कारण खोटं नाही. चोर त्याच खोबणीतून शिरून गाड्या पळवतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. कुलूप हवंच. माझं म्हणणं एवढंच होतं, की किल्ली एका त्रयस्थ संस्थेकडे ठेवा, नोंदणी केलेल्या कुठल्याही गॅरेजला ती मिळू द्या, कुणी कधी वापरली ते दिसू द्या.

मला बोलायला परवानगी मिळाली. मी मुद्दे बाजूला ठेवले आणि व्हॅनची हकीकत सांगितली. घूस, तारा, लिफ्ट, क्रेन, मंजुरी. सभागृह शांत होतं. मला वाटलं, ऐकताहेत.

अध्यक्ष सौम्य गृहस्थ होते. म्हणाले, "मॅडम, तुमची तळमळ कळते. पण एका गाडीवरून मानक ठरत नाही."

"ठरल्यावर ते एकेका गाडीलाच लागू होतं ना?" मी म्हटलं. "ही इथून अर्ध्या तासावर उभी आहे. चला, दाखवते."

काही जण हसले. अध्यक्षही हसले. "तुमची सूचना अभ्यासासाठी नोंदवून घेतो," ते म्हणाले आणि त्यांनी मत मागितलं.

निळ्या पट्ट्यांचे हात वर गेले. त्यात एक हात मला चांगला ओळखीचा होता. त्याला इथे निरंजन म्हणते. ते त्याचं नाव नाही, आणि नाव का दिलं नाही ते पुढे येईलच. पूर्वी आम्ही एका ठिकाणी नोकरीला होतो, तेव्हा तो माझ्या हाताखाली नवा नवा लागला होता. आता तो मृणालची व्हॅन बनवणाऱ्या कंपनीतच मोठ्या हुद्द्यावर आहे. हात वर करताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

ठराव झाला. टाळ्या झाल्या. मग घोषणा झाली, की पाहुण्यांना जंगल सफारीला न्यायला बस तयार आहे.

मी निरंजनला बसच्या पायरीवर गाठलं.

"वाघ नंतर बघ. तुझा लॅपटॉप घे आणि माझ्याबरोबर चल."

"मॅडम, कुठे?"

"जी गाडी तू आत्ता हात वर करून बंद ठेवलीस तिच्याकडे."

बसमधली माणसं बघायला लागली. तो खाली उतरला. मला वाटतं, पहिल्यांदा तो फक्त लाजेखातर आला.

टॅक्सी हमरस्त्याला लागली. मग मी विचारलं, "हात का वर केलास?"

"ते माझं मत नव्हतं, मॅडम. कंपनीचं होतं."

"आणि तुझं?"

त्याने लॅपटॉप मांडीवर उघडला आणि चार्जिंग किती आहे ते बघितलं. कापलेल्या धानाची शेतं मागे जात होती.

गुढियारीत त्याने व्हॅनभोवती एक चक्कर मारली. लिफ्टवर हात ठेवला, आतले दांडे बघितले, छोट्या मापाच्या पट्ट्या बघितल्या.  मग पुढच्या सीटवर बसून कंपनीची किल्ली असलेला लॅपटॉप जोडला. साहू भैयांनी चहा मागवला. तो यायच्या आत निरंजन म्हणाला, "चावी फिरवा."

मृणालने चावी फिरवली. व्हॅन सुरू झाली आणि सुरूच राहिली. गल्लीतली माणसं गोळा झाली. साहू भैया धावत बाहेर गेले आणि समोरच्या दुकानदाराला हाताला धरून आत घेऊन आले. "सुन ले! असली पुर्जा हे!" मृणाल स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्यावर संताप बसला होता. चहा यायलाही जास्त वेळ लागतो, एवढंसं ते काम! त्यासाठी एक बाई महिनोन्‌महिने फोनवर गयावया करते, एका माणसाचं नाव खराब होतं, गावोगावची पोरं वाट बघतात. आणि ते झालं कशामुळे? मंजुरीमुळे नाही, मानकामुळे नाही. मृणालची मावसबहीण एका अधिकाऱ्याला ओळखत होती म्हणून. जिला अशी मावसबहीण नाही तिने काय करायचं?

निघताना निरंजन मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, हे मी केलं हे कुठे यायला नको. मला याची परवानगी नाही."

"तुझं नाव येणार नाही," मी म्हटलं. "झालं ते मात्र लिहिणार."

त्याने मान हलवली. जाताना साहू भैयांनी त्याला जबरदस्तीने समोसे बांधून दिले. कंपनीतला मोठा हुद्देदार तेलकट पुडी हातात धरून रिक्षा शोधत उभा होता आणि मला त्याच्यावर नीट रागावताही येत नव्हतं. त्याचाही मला रागच आला.

अभनपूरच्या पुढे

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी माझी परतीची रेल्वे संध्याकाळची होती. मृणाल सकाळीच म्हणाली, "चलोगी?" मावशीने डबा बांधला. त्यात तांदळाच्या पिठाचे चिले होते, आपल्या घावनांचे सख्खे भाऊ, आणि कोहळ्याच्या वड्यांची भाजी. "हे पोट्टी गावात गेली का खात नाही," ती मला म्हणाली. "तू चारजो तिले."

अभनपूर मागे टाकून आम्ही आत वळलो. तळ्याकाठी बायका भांडी घासत होत्या, खळ्यांत धानाचे भारे रचलेले होते, हवेला नव्या पेंढ्याचा वास होता. आपल्याकडे गावात शिरताना आधी देऊळ दिसतं, इथे आधी तळं. व्हॅन दिसताच कुणीतरी ओरडलं आणि आम्ही थांबेपर्यंत चार-पाच घरांतून माणसं निघाली होती.

पहिली आली एक म्हातारी, नातीला कडेवर घेऊन. मुलगी कडेवर घेण्याच्या वयाची नव्हती, तिचे पाय म्हातारीच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. तिचं नाव फुलेश्वरी. मृणाल मला वाटेत तिच्याबद्दलच सांगत होती. पावसाळ्याआधी ती दांडे धरून, टाचा टेकवून उभी राहायला लागली होती. पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

मृणालने तिला टेबलावर निजवलं, पाय हातात घेतला आणि तिचा स्वतःचा चेहरा उतरला. पाय आखडला होता. जुनी पट्टी बसेना. तिने हळूहळू गुडघा ताणायला सुरुवात केली आणि फुलेश्वरी किंचाळली.

म्हातारीने नातीचं डोकं धरलं आणि मृणालला विचारलं, "अतेक दिन ले काबर नइ आयेव, दीदी?" इतके दिवस का नाही आलीस? आवाजात तक्रार नव्हती, ती नुसती विचारत होती.

"गाड़ी बिगड़ गे रिहिस, दाई," मृणाल खाली बघत म्हणाली. दाई म्हणजे इकडे आई.

मला ते सहन झालं नाही. या सगळ्यात जिची काही चूक नव्हती तीच बाई मान खाली घालून खोटं कारण देत होती, कारण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. मी मोडक्या हिंदीत म्हटलं, "दाई, गाड़ी बिगड़ी नहीं थी. गाड़ी अच्छी थी. बनाने वालों ने ताला लगाकर रखा था."

म्हातारी माझ्याकडे वळली. "काबर?"

आदल्या दिवशी त्या गार सभागृहात मी कितीतरी वेळ बोलले होते. आता त्या सगळ्यातून एकच कारण हाताशी उरलं. "चोरी न हो, इसलिए," मी म्हटलं.

तिने व्हॅनकडे बघितलं. आतले दांडे, छताला टांगलेल्या छोट्या पट्ट्या, टेबलावरची तिची नात.

"एला कोन चोराही?" ती म्हणाली. ही कोण चोरणार?

मृणालने फुलेश्वरीला उचलून दांड्यांपाशी नेलं. "पकड़ो, बेटा. बस, थोड़ा सा." मुलीने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि ओठ घट्ट मिटून ती उभी राहिली. म्हातारी वाकून तिच्या पायाकडे बघत होती. मीही बघत होते. चवडा टेकला होता. टाच आणि जमीन यांच्यामध्ये दोन बोटं जागा होती, आणि मृणाल टाच जीव खाऊन दाबत होती तरी ती जागा मिटत नव्हती.